नुसतं बसून बघायचं, ते कशासाठी?

*ताई, सप्रेम नमस्कार.*

*एम.ए. (मानसशास्त्र) झाल्यावर मी नाशिकमधल्या एका शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. पुढे थेरपीचं रीतसर शिक्षण घ्यायचं आहे, म्हणून यंदा सायकोडायनॅमिक (म्हणजे मनातल्या नकळत चालणाऱ्या गोष्टींकडे बघणाऱ्या) निरीक्षणाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. दर आठवड्याला एका घरी जाऊन एक तास बाळाचं निरीक्षण करायचं. वही काढायची नाही, सल्ला द्यायचा नाही. घरी येऊन आठवेल ते लिहायचं आणि सेमिनारमध्ये वाचायचं. बाळ आता चार महिन्यांचं आहे. त्याच्या आईची रजा संपत आलीय.*

*त्या तासात मला अगदी निरुपयोगी वाटतं. आजी चहा आणतात आणि म्हणतात, "घे की त्याला जरा, नुसतं बघून काय कळणार?" परवा मी चपला घालत होते, तेव्हा त्या मीठ-मोहऱ्या घेऊन बाळाची दृष्ट काढताना दिसल्या. मला ते फार लागलं. सेमिनारमध्ये माझी नोंद 'यात बाळ दिसत नाही' म्हणून परत येते. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं : 'आई थकलेली होती, फोनवर बोलत होती, तिचं बाळाकडे लक्ष नव्हतं. बाळाला असुरक्षित वाटत होतं आणि ते आईचं लक्ष वेधण्याचा प्रयत्न करत होतं.' यात काय चुकलं? ती वाचताना मला रडू फुटलं आणि सगळ्यांसमोर लाज वाटली.*

*रिफ्लेक्टिव्ह जर्नल, म्हणजे स्वतःच्या कामावर विचार करायची वही, मी गिब्जच्या सहा टप्प्यांप्रमाणे लिहिते. शेवट दर वेळी 'मी कमी पडले' असाच होतो. शाळेत सहावीतला एक मुलगा येतो, टेबलावर पेन्सिल फिरवत बसतो. मी विचारायला लागले की 'काही नाही मॅडम' म्हणून उठतो. या निरीक्षणाचा अशा कामाशी काय संबंध? आणि कोर्स संपल्यावर मी स्वतःचे क्लायंट घेऊ शकते का?*

*(मी स्वतः तीन वर्षांची होईपर्यंत आजोळी वाढले, आईची नोकरी लांब होती. याचा याच्याशी संबंध नसावा, पण लिहिलं.)*

*— एक वाचक*

नमस्कार.

तुम्ही पाच-सहा प्रश्न विचारलेत. मला ते सगळे त्या एका तासाकडे वळताना दिसतात. त्या खोलीत काहीही न करता बसणं तुम्हाला सहन होत नाही. आजी 'घे की त्याला' म्हणतात तेव्हा तेच बोलतात, सहावीतल्या मुलाला तुम्ही प्रश्न विचारू लागता तेव्हाही तेच घडतं, आणि जर्नलमध्ये घाईने स्वतःला दोषी ठरवता तेव्हाही. म्हणून आधी तो तास नीट बघू या.

ही पद्धत मनोविश्लेषक एस्थर बिक यांची. १९४८ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या पुढाकाराने लहान मुलांच्या मानसोपचाराचं प्रशिक्षण सुरू झालं आणि बिक यांनी विद्यार्थ्यांना बाळांच्या घरी धाडायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा, एक तास, बाळ साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. १९६० पासून लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकोअॅनॅलिसिसनेही आपल्या विद्यार्थ्यांसाठी हे निरीक्षण अभ्यासक्रमात घेतलं. बिक यांचा जन्म आजच्या पोलंडमधला. व्हिएन्नात त्या मानसशास्त्रज्ञ शार्लट ब्यूलर यांच्याकडे शिकल्या. तिथे मुलांचं वर्तन मोजून-मापून नोंदवण्यावर भर होता. पुढे त्यांनी जी पद्धत घडवली तिच्यात मोजणी नाही, रकाने नाहीत, घड्याळही नाही. आहे ते एवढंच : एक माणूस जवळ बसतो, बघतो आणि नंतर आठवून लिहितो.

वही का नाही, याचं उत्तर त्याहून जुनं आहे. मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडने १९१२ मध्ये डॉक्टरांसाठी जे लिहिलं त्यात रुग्ण बोलत असताना टिपणं काढू नयेत असं सांगितलं होतं. कारण साधं. लिहायला घेतलं की आपण निवडायला लागतो, आणि आपण निवडतो ते आपल्याला आधीच ठाऊक असलेलं. जे ठाऊक नाही ते तिथेच गळून पडतं. बाळाच्या बाबतीत तर हे दुप्पट लागू आहे. बाळ बोलत नाही, त्यामुळे तुमच्या समजुती खोडून काढायला समोर कोणी नाही.

आता आजींकडे येते, कारण तिथे तुम्ही दुखावला आहात.

जरा त्यांच्या जागी बसून बघा. आपल्याकडे तान्ह्या बाळाकडे कोणी टक लावून बघितलं की घरातली मोठी माणसं अस्वस्थ होतात. बाळ गोड दिसतंय म्हणायचं तर लगेच 'दृष्ट नको लागायला' जोडायचं. काजळाची तीट लावायची, ती मुद्दाम गालावर किंवा कपाळाच्या कडेला. अशा घरात एक शिकलेली, अनोळखी बाई दर आठवड्याला ठरलेल्या वेळी येते, एक तास बाळाकडे बघते, कौतुकाचा शब्द काढत नाही, त्याला कडेवर घेत नाही आणि निघून जाते. आजींनी मीठ-मोहऱ्या नाही घ्यायच्या तर काय करायचं? त्यांनी तुम्हाला दारातून परत पाठवलं नाही. तुमच्या बघण्याचं जे ओझं घरावर पडतं ते उतरवायची त्यांना माहीत असलेली रीत त्यांनी केली, आणि तुम्हाला चहाही दिला. मला त्या आजींबद्दल आदर वाटतो.

लंडनच्या घरांतही निरीक्षकाच्या येण्याचं दडपण असतंच. ती आपल्याला तपासायला येते का, आपण आई म्हणून उणे पडतो आहोत हे तिला दिसतंय का, ही धास्ती मीठ-मोहऱ्यांशिवायही असते. बिक यांनी विद्यार्थ्यांना म्हणूनच दोन बाजूंनी जपायला सांगितलं. इतकं लांब बसू नका की घरातलं काहीच तुमच्यापर्यंत पोचणार नाही. आणि इतकं आत जाऊ नका की त्या घराची जावई-सून-डॉक्टर-मोलकरीण होऊन बसाल. प्रत्येक घर निरीक्षकाला कुठली तरी भूमिका देऊ बघतं. ती मिळते आहे हे ओळखायचं, मनात तिची नोंद घ्यायची, आणि शक्य तितकी ती घालून न घेता परत यायचं.

याचा अर्थ दगडासारखं बसायचं असा नाही. चहा आणला तर घ्या. नाशिकच्या घरात चहा नाकारून कोणाला तटस्थ राहता येत नाही, तो अपमान होतो. बाळ हसलं तर तुमच्याही चेहऱ्यावर हसू येईल, ते दाबू नका. आजी 'घे की त्याला' म्हणाल्या तर 'आजी, तुमच्याकडेच किती छान बसलंय, मी इथूनच बघते' एवढं मायेने म्हणता येतं. कोणी दोन मिनिटांसाठी बाळ हातात देऊन आत गेलं तर अर्थातच घ्या, आणि ते तसं घडलं हे लिहा. दृष्ट काढल्याचंही लिहा, शब्दशः, कोणी काय हातात घेतलं, कुठे ओवाळलं, आई तेव्हा कुठे उभी होती. ही अंधश्रद्धा आहे की नाही हा वाद त्या नोंदीत आणू नका.

आता नोंद. तुमची दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. त्यांत एकच गोष्ट प्रत्यक्ष दिसलेली आहे : आई फोनवर बोलत होती. 'थकलेली' हा तुमचा अंदाज. 'लक्ष नव्हतं' हा निकाल. 'असुरक्षित वाटत होतं' हे पाठ्यपुस्तक. 'लक्ष वेधण्याचा प्रयत्न' हा चार महिन्यांच्या जिवावर लादलेला हेतू. तुमच्या सेमिनारमधल्यांना बाळ दिसलं नाही, कारण तुम्ही त्यांना बाळ दाखवण्याआधी बाळाबद्दलचं मत दिलंत.

तोच प्रसंग कसा लिहिता आला असता, याचा एक नमुना देते. मी तिथे नव्हते, म्हणून तपशील कल्पनेचे आहेत. पोत बघा.

'आई पलंगाच्या कडेला बसली होती, बाळ शेजारी दुपट्यावर उताणं. तिचा उजवा हात त्याच्या पोटावर. बाळ पाय झाडत होतं, मधूनच दोन्ही मुठी तोंडाशी नेत होतं. फोन वाजला. आईने नाव बघितलं, जरा थांबली, मग उचलला. "हो मॅडम, एक तारखेला येते," म्हणाली. बोलता बोलता तिने पोटावरचा हात काढला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. बाळाचे पाय थांबले. त्याने मान वर वळवली आणि फिरत्या पंख्याकडे बघत राहिलं, तोंड जरा उघडं. आवाज नाही. फोन संपला तरी ते पंख्याकडेच बघत होतं. आई म्हणाली, "काय रे?" त्याने बघितलं नाही. ती वाकली, तिचे केस त्याच्या छातीला लागले, पुन्हा म्हणाली, "काय रे सोन्या?" मग त्याने मान वळवली, क्षणभर चेहरा वाकडा केला आणि एक लांब आवाज काढला. मला मघापासून त्याला उचलावंसं वाटत होतं. माझे दोन्ही हात मांडीत एकमेकांत घट्ट धरलेले होते, ते माझ्या लक्षात आलं.'

यात 'असुरक्षित' हा शब्द कुठेही नाही, तरी वाचणाऱ्याच्या पोटात काहीतरी हलतं. शिवाय तुमच्या नोंदीत ज्या गोष्टींना जागाच नव्हती त्या इथे आल्या. हात निघाला आणि पाय थांबले, हा क्रम आला. आई कुठल्या फोनवर बोलत होती हे आलं. ती स्वतःहून परत आली, वाकली, दुसऱ्यांदा बोलली, हेही आलं. 'तिचं लक्ष नव्हतं' असं लिहिलं की आईचं असं परत येणंच पुसलं जातं. आणि बाळाने लगेच दाद दिली नाही, थोडा वेळ घेतला, मग तक्रार केली. आईचं जाणं आणि परत येणं यांच्या मधल्या त्या काही सेकंदांसाठीच तर आपण तासभर बसतो.

बिक यांनी १९६८ च्या एका निबंधात लिहिलं आहे की धरून ठेवणारं कोणी नसतं तेव्हा बाळ एखादा दिवा, आवाज, वास अशा कशाला तरी संवेदनांनी चिकटून स्वतःला एकत्र धरून ठेवू बघतं. पंख्याकडे लागलेली नजर वाचताना सेमिनारमध्ये कोणाला हे आठवेल. आठवू दे. पण तो धागा सेमिनारमध्ये निघावा, तुमच्या नोंदीत आधीच बसलेला नसावा. मी स्वतः या कल्पनेला मौल्यवान मानते, तरी एक गोष्ट स्पष्ट सांगते : तान्ह्या बाळाच्या मनात नेमकं काय चाललं आहे हे बाळ कोणालाच सांगू शकत नाही. हे अर्थ आपण लावलेले असतात. कधी बाळ नुसतं पंख्याकडे बघत असतं. पुढच्या आठवड्यात, त्याच्या पुढच्या आठवड्यात तोच क्रम पुन्हा दिसतो का, बदलतो का, यावरून अर्थाला हळूहळू वजन येतं किंवा तो सोडून द्यावा लागतो. एका भेटीवरून निष्कर्ष काढण्याची सवय मोडावी म्हणून तर ही दोन वर्षं.

एक व्यावहारिक सूचना. घरातून निघालात की कोणाला फोन करून 'आज काय झालं माहितीये' असं सांगू नका. सांगितलेलं आठवतं, बघितलेलं पुसलं जातं. त्याच दिवशी लिहा, क्रमाने, सुरुवातीला दार कोणी उघडलं इथपासून. मधला काही भाग आठवत नसेल तर 'इथलं आठवत नाही' असं लिहा. ती रिकामी जागाही सेमिनारच्या कामाची असते. नावं बदला, नोंद घरच्या सगळ्यांच्या लॅपटॉपवर ठेवू नका, व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. बाळाचा फोटो काढू नका, आई स्वतः म्हणाली तरी.

आता 'माझे हात घट्ट धरलेले होते' या वाक्याबद्दल. नोंदीत स्वतःबद्दल लिहायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या नोंदीत तुम्ही कुठेच नाही आहात, म्हणून सांगते. लिहायचं. फार नाही, आणि जे झालं त्याच जागी लिहायचं. बराच काळ मनोविश्लेषणात डॉक्टरच्या मनात उठणाऱ्या भावना अडथळा मानल्या जात. मनोविश्लेषक पॉला हायमान यांनी १९५० मध्ये उलट बाजू मांडली : रुग्णासमोर बसल्यावर आपल्यात जे उठतं त्यातून रुग्णाच्या मनाबद्दल काही कळू शकतं. हा विचार आज या क्षेत्रात रूढ आहे, आणि त्याचा गैरवापरही तितकाच रूढ आहे. 'मला राग आला म्हणजे त्या आईच्या मनात राग आहे' असं सरळ समीकरण मांडणारी माणसं मी पुष्कळ बघते. लहान मुलांच्या मनोविश्लेषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या मेलनी क्लाइन यांचा एक किस्सा सांगितला जातो. एक शिकाऊ विश्लेषक त्यांना म्हणाला की रुग्णाने आपला गोंधळ माझ्यात घातला. त्या म्हणाल्या, नाही, गोंधळ तुमचाच आहे.

दोन्ही बाजू धरून ठेवायच्या. तुम्हाला त्या आईचा राग आला, आणि माझा अंदाज आहे की आलाच होता, कारण 'तिचं लक्ष नव्हतं' या वाक्याला धार आहे. तो राग बाळाच्या बाजूने आलेला असू शकतो. तो आईचा स्वतःचा असू शकतो, संपत आलेल्या रजेवरचा. आणि तो तुमचा असू शकतो, फार जुना.

इथे तुमच्या कंसातल्या ओळीकडे येते. तुम्ही लिहिलंत की संबंध नसावा. मी तुम्हाला ओळखत नाही, आणि पत्रावरून कोणाच्या बालपणाचा अर्थ सांगणं मला गैर वाटतं. तरी तुमच्याच पत्रातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवते. आईची नोकरी लांब असल्यामुळे तुम्ही आजोळी वाढलात. आणि तुम्ही दर आठवड्याला अशा घरात बसता जिथे आईची रजा संपत आलीय आणि बाळ बहुधा आजीकडे राहणार आहे. अशा खोलीत बसून कोणाला काहीच झालं नाही तर मला त्याची काळजी वाटेल. तुम्हाला रडू आलं. सेमिनार हे त्यासाठी चुकीचं ठिकाण नव्हतं. बाळाजवळ बसल्यावर आपल्या आतलं बोलता न येण्याच्या काळातलं काहीतरी ढवळलं जातं, हे या प्रशिक्षणात सगळ्यांना होतं, फक्त सगळे रडत नाहीत. तुमच्या सेमिनारप्रमुखांनी त्या रडण्याला जागा दिली असेल अशी मला आशा आहे. दिली नसेल तर त्यांच्याशी वेगळं बोला.

पण सेमिनार म्हणजे तुमची थेरपी नाही. मनोविश्लेषणाच्या प्रशिक्षणात विद्यार्थ्याने स्वतः थेरपी घेणं बंधनकारक असतं, ते उगाच नाही. आजोळच्या त्या तीन वर्षांचं तुमच्या मनात जे काही आहे त्याला त्याची स्वतःची खोली मिळायला हवी. नाहीतर ते दर आठवड्याला या बाळाच्या घरी तुमच्यासोबत जाईल आणि त्या आईवर निकाल देत बसेल. ती आई तुमची आई नाही, आणि ते बाळ तुम्ही नाही. त्याला कदाचित आजीसोबत सुखाचे दिवस मिळतील. कदाचित तुम्हालाही मिळाले होते, आणि तेही कुठेतरी ठेवलेलं असेल. थेरपिस्ट शोधा. हे मी आग्रहाने सांगते.

रजा संपण्याचा हा काळ निरीक्षणासाठी फार महत्त्वाचा आहे. तो टाळू नका. आई कामावर गेल्यावर भेटीची वेळ बदलावी लागेल का, तुम्ही आल्यावर घरी कोण असेल, हे आत्ताच आई आणि बाबा दोघांशी बोलून घ्या. संमती त्या दोघांची हवी, आणि आजींनाही विचारायला हवं, कारण आता घर त्यांच्या हाती असणार. आई संध्याकाळी परत येते तो पहिला अर्धा तास बघायला मिळाला तर फार शिकाल. बाळ तोंड फिरवून घेतं, आईला ते टोचतं, आजी मध्ये पडते. विल्फ्रेड बायॉन या मनोविश्लेषकाने आईबद्दल जे मांडलं ते इथे डोळ्यांसमोर घडताना दिसतं : बाळाला न सोसणारी भीती आई स्वतःत घेते, आपल्या मनात सांभाळते आणि बाळाला सोसेल अशा रूपात परत देते. हा बायॉन १८९७ साली मथुरेत जन्मला आणि आठव्या वर्षी शाळेसाठी एकटा इंग्लंडला पाठवला गेला. मला हे नेहमी आठवतं. पण आई हे काम करू शकते ते तिचंही कोणी सांभाळत असेल तर. नोंदीत बाबा कुठे आहेत, आजी आईशी कशी बोलते, हेही येऊ द्या.

इथे एक गंभीर अपवाद. बघत राहायचं हा नियम धोक्यापुढे लागू होत नाही. बाळाला इजा होताना दिसली, किंवा बाळ झोपलं तरी आईला झोप येत नाही, ती आठवडे-आठवडे रडते आहे, स्वतःचं किंवा बाळाचं काही करून घेण्याबद्दल बोलते आहे, असं कळलं तर सेमिनारच्या दिवसाची वाट बघायची नाही. त्याच दिवशी सेमिनारप्रमुखांना फोन करा आणि घरच्यांना डॉक्टरांकडे जायला सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तुमच्या नोंदीतल्या आईबद्दल मला असं काही वाटलं नाही. चार महिन्यांच्या बाळाची आई थकलेली दिसते, त्याला आजार म्हणत नाहीत.

जर्नलबद्दल थोडक्यात. ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ चं चक्र सहा टप्प्यांचं आहे : वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. व्यवस्थित वापरलं तर उपयोगी आहे, परिचारिकांच्या आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात ते जगभर वापरतात. पण तुम्ही पहिले दोन टप्पे दोन ओळींत उरकून तिसऱ्यावर उडी मारता आणि तिथे स्वतःलाच नापास करता, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. स्वतःला दोष देणं हाही त्या तासातून सुटायचा मार्ग आहे. 'मी कमी पडले' म्हटलं की प्रश्न मिटतो, पुढे काही बघावं लागत नाही. पुढचे दोन महिने शेवटचे चार टप्पे बंद ठेवा. नुसतं काय झालं आणि मला काय वाटलं एवढंच लिहा. तिसरी गोष्ट लिहायचीच असेल तर एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तुमच्याकडे नाही.

आणि तो सहावीतला मुलगा. निरीक्षणाचा कामाशी काय संबंध, हे तोच तुम्हाला दाखवतो आहे. तो बोलावल्याशिवाय येतो. बसतो. पेन्सिल फिरवतो. मग तुम्ही विचारता आणि तो जातो. म्हणजे तुमच्याकडे येण्याचं त्याला काहीतरी कारण आहे आणि तुमच्या प्रश्नांत ते बसत नाही. पुढच्या वेळी प्रश्न विचारू नका. 'ये, बस, घंटा होईपर्यंत वेळ आहे' एवढं म्हणा आणि खरंच बसा. तुमचे कागद बाजूला ठेवा, पण त्याच्या चेहऱ्याकडे रोखूनही बघू नका. पेन्सिल कुठल्या हातात आहे, ती पडते तेव्हा तो तुमच्याकडे बघतो का, कधी फिरवायची थांबते, बाहेर कोणाचा आवाज आल्यावर? तुमच्यात काय होतं : कंटाळा, काळजी, झोप, मुख्याध्यापक आत आले तर काय म्हणतील ही भीती? हे सगळं तो गेल्यावर लिहा, बाळाची नोंद लिहिता तसं. कदाचित तिसऱ्या-चौथ्या वेळी तुमच्या तोंडून सहज येईल, 'आज पेन्सिल जोरात फिरतेय.' त्यावर तो बोलेल किंवा बोलणार नाही. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये कामानंतरचा विचार आणि काम चालू असताना हाताखालीच चालणारा विचार असे दोन भाग केले. पहिला तुम्ही जर्नलमध्ये करता. दुसरा त्या पेन्सिलजवळ शिकायचा आहे, आणि त्याची तालीम तुम्ही दर आठवड्याला त्या घरी करताच आहात.

टॅव्हिस्टॉकमध्येच मार्था हॅरिस यांनी पुढे अशाच सेमिनारचा एक प्रकार रूढ केला, ज्यात बाळाऐवजी आपापल्या कामाच्या जागेच्या नोंदी वाचतात : शाळा, वॉर्ड, बालगृह. तुमच्या अभ्यासक्रमात ती सोय आहे का विचारा. नसेल तर नाशिकमधल्या चार-पाच समुपदेशकांनी महिन्यातून दोनदा बसावं आणि अनुभवी व्यक्तीला बोलवावं. एकाने नोंद वाचायची, बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, ऐकताना काय वाटलं ते सांगायचं. शाळेतले समुपदेशक फार एकटे पडतात. हजार-बाराशे मुलांमागे एक बाई, आणि तिचं ऐकायला कोणी नाही, ही परिस्थिती मला अस्वस्थ करते.

शेवटचा प्रश्न क्लायंट घेण्याचा. नाही, एवढ्यावर घेऊ नका. निरीक्षणाचा अभ्यासक्रम हा पाया आहे. तो उपचार करायचा परवाना देत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते आणि तिच्यासाठी परिषदेने मान्य केलेलं शिक्षण लागतं. समुपदेशक म्हणून शाळेत तुम्ही जे करता ते करत राहा, तिथे तुमची गरज आहे. सायकोडायनॅमिक थेरपीकडे वळायचं असेल तर तीन गोष्टी एकत्र चालाव्या लागतात : स्वतःची थेरपी, शिकवणी आणि सुपरव्हिजनखाली, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली, घेतलेले क्लायंट. मुंबईत मनोविश्लेषणाचं शिक्षण देणारी मंडळी आहेत. कोलकात्यात तर गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच इंडियन सायकोअॅनॅलिटिकल सोसायटी स्थापन केली. म्हणजे हे शिकायला लंडनच गाठलं पाहिजे असं नाही. दोन शनिवार-रविवारांत 'सायकोडायनॅमिक थेरपिस्ट' असं प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती दिसतील, त्यांच्यापासून दूर राहा. प्रवेश घेण्याआधी विचारा : गटात किती जण, माझी नोंद वर्षातून किती वेळा वाचली जाईल, सुपरव्हिजन कोण करतं आणि त्यांनी स्वतः ते कुठे घेतलं. या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर फी भरू नका.